डावी बाजू दुकानाची

शकुकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा अर्धा हिरवा होता.

माझी बारावी झाली होती. कॉलेजसाठी शहरात खोली शोधत मी आणि बाबा गुलमंडीच्या मागच्या बोळात आलो होतो. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं निघालो, विचारत विचारत दुपार झाली. खाली ब्युटी पार्लर आहे आणि वरची खोली भाड्यानं मिळेल, असं कोणीतरी सांगितलं होतं. बाबांनी कडी वाजवली. दार उघडलं तर समोर साठीकडे झुकलेली एक बाई. कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या शेंड्यावरून थेट हनुवटीपर्यंत पट्टीनं आखल्यासारखी रेघ, रेघेच्या डाव्या बाजूला हिरवा लेप आणि उजवी बाजू कोरी. त्यांनी बोट वर करून आम्हाला थांबवलं आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "बोला. पण हसवू नका. तडकतंय."

बाबा एक पायरी खाली उतरले. मुलीला कुठं ठेवतोय, असा विचार त्यांच्या डोक्यात आला असणार. पण काकूंनी त्याच अर्ध्या तोंडानं पाण्याची सोय सांगितली, दार किती वाजता बंद होतं ते सांगितलं, मला आत नेऊन खोलीची खिडकी उघडून दाखवली. खोली ठरली. परत जाताना बाबा म्हणाले, "बाई चांगली वाटती. पण अर्धीच दिसली."

त्या अर्ध्या चेहऱ्याबद्दल मला लिहायचं आहे. मी सायन्सची विद्यार्थिनी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही आणि कोणी कोणाबद्दल असं लिहिलेलंही नाही. जमेल तसं सांगते.

काकूंचा एक नियम होता. बाजारात नवीन आलेली कुठलीही गोष्ट, क्रीम असो, ब्लीच असो, फेशियलचा लेप असो, आधी स्वतःच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लावायची. काही दिवस वाट बघायची. मग डावी आणि उजवी बाजू आरशात शेजारी शेजारी बघायची. चांगलं वाटलं तरच गिऱ्हाइकाला. उजव्या बाजूला त्यांनी कधी पाणी आणि बेसन सोडून काही लावलं नाही. नवीन बाई खुर्चीत बसली आणि "हे लावून काही होणार नाही ना?" असं विचारू लागली, की काकू डावा गाल पुढं करायच्या. "हात लाव की. लाजती कशाला? डावी बाजू दुकानाची हाय."

हा नियम कुठून आला ते त्या लपवत नसत. पार्लर नवीन होतं तेव्हा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी एक मुलगी आली होती. काकूंनी नवं आणलेलं ब्लीच तिला लावलं आणि तिचा गाल भाजला. मुलगी दुसऱ्या दिवशी पदर ओढून पाटावर बसली. हे सांगताना काकूंचा आवाज रडवेला होत नसे. भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तोंड हाय, भिंत नाय. भिंतीचा रंग बिघडला तर खरवडता येतो."

काका बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा पुण्याला नोकरीला. काकूंच्या सोबतीला होत्या रजियाआपा. त्या पार्लरच्या खिडकीपाशी बसून नवरींच्या हातावर मेंदी काढायच्या. दोघींची मैत्री माझ्या वयापेक्षा जुनी आणि भांडण रोजचं. पंखा कोणाकडे वळवायचा यावरून भांडण. चहात साखर किती यावरून भांडण. एकदा काकू गिऱ्हाइकाच्या भुवया करत होत्या, दोऱ्याचं एक टोक दातात, त्यामुळे बोलता येत नव्हतं. आपांनी तेवढ्यात पंखा स्वतःकडे वळवून घेतला. "अब बोल, क्या बोलती?" काकूंनी दोरा सोडला नाही, नुसते डोळे वटारले. खुर्चीतली बाई मात्र हसली आणि तिची एक भुवई थोडी बारीक झाली.

माणसाला हाक मारायच्या आधी काकू त्याचा चेहरा वाचायच्या. बोटांची मागची बाजू गालावरून फिरवायच्या आणि सांगायच्या, "रात्री झोपली नाहीस." मी जिना उतरताना दिसले की, "ए लासूर! परीक्षा आली व्हय? कपाळ तेलकट झालंय." माझं नाव आरती आहे, पण तीन वर्षं मी लासूरच राहिले. सुरुवातीला मला ते आवडत नसे. कॉलेजात मी गाव कोणतं ते पटकन सांगत नव्हते. काकू मात्र भर बोळात ओरडायच्या. पुढं पुढं मलाच त्याची सवय झाली.

एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. "हिला जरा उजळ करा," आई म्हणाली. मुलगी खाली बघत बसलेली. काकूंनी तिचा चेहरा थंड पाण्यानं धुतला, पुसला, हनुवटी धरून उजेडाकडे केला आणि आईला म्हणाल्या, "झालं." आई म्हणाली, "अहो, काहीच केलं नाही!" काकू म्हणाल्या, "धूळ होती, ती काढली. रंग तुझाच दिलेला हाय, तो मी कसा काढू?" आई उठून गेली. जाताना दार जोरात आपटलं. मुलगी मात्र वळून एकदा आरशात बघून गेली.

असं चाललं होतं. मग इंजेक्शनं आली.

बोळातल्या बायका आधी ते मोबाइलवर बघत होत्या. मग एकेकीच्या नात्यातली कोणी करून आली. गाल बसले असतील, नाकापासून ओठापर्यंत घड्या पडल्या असतील, तर सुईनं औषध देतात आणि कातडी आतून भरून येते, अशी चर्चा सुरू झाली. काही बायका चांगल्या दवाखान्यात जात होत्या. पण काही पार्लरमध्येच हे सुरू झालं होतं. एक दिवस एक माणूस बॅग घेऊन आमच्याकडेही आला. त्यानं टेबलावर छोट्या बाटल्या मांडल्या. एका दिवसाचं ट्रेनिंग देतो, मग तुम्ही स्वतःच टोचा, असं म्हणाला.

काकूंनी विचारलं, "हे डॉक्टरचं काम नाय का?"

"मॅडम, सगळे करतात आजकाल."

"तुमच्या बायकोला दिलं?"

तो हसला. "तिला अजून गरज नाही."

"मग तिला गरज पडली की या," काकू म्हणाल्या आणि बाटल्या एकेक करून त्याच्या बॅगेत ठेवू लागल्या. आपा खिडकीतून म्हणाल्या, "शकू, हलके रख, फुट्या तो तेरे गले पडेगा."

तो गेला, पण गिऱ्हाईकही जाऊ लागलं. दुपारी खुर्ची रिकामी दिसायची. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, बंद कर आता ते. पुण्याला ये." काकू म्हणायच्या, "बघू." पण त्या फोन ठेवल्यावर खुर्ची पुसायच्या, जरी ती सकाळपासून कोणी वापरलेली नसली तरी. पार्लर बंद करायची वेळ आली तर त्या कशा राहतील हे मला कळत नव्हतं. त्यांची सगळी ओळख त्या खुर्चीपाशी होती.

आणि मग वंदनावहिनी आल्या. समोरच्या कापडदुकानाच्या मालकाची बायको. गेली कितीतरी वर्षं त्या भुवया काकूंकडेच करायच्या. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर आहे, बाहेरून माणूस येणार आहे, एका दिवसात चेहरा भरून देतो.

"वंदना, नको," काकू म्हणाल्या. "तो डॉक्टर हाय का, ते तरी माहीत हाय?"

"सगळ्या चालल्यात काकू."

"सगळ्यांची तोंडं येगळी असत्यात."

वहिनींना राग आला. लग्नाची धावपळ होती, झोप नव्हती, तेही असेल. त्या म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून तुम्ही असं बोलता. तुम्हाला काय माहीत? तुम्ही स्वतः घेतलंय कधी? का दुसऱ्याला सांगायचा नियम निराळा?"

मी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभी होते. वहिनी गेल्यावर बराच वेळ त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "रजिया, ती खरं बोलली."

"क्या खरं? तेरे कू क्या जरूरत है? अल्ला ने दिया वो चेहरा…"

"गरजेचं नाय गं. मी घेतलं नाय, आणि नको म्हनते. हे माझ्या नियमात बसत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "लासूर, तू सायन्सची ना? चल माझ्यासंगं. काय बोलतील ते मला समजून सांग." मला काहीच समजत नव्हतं, मी अजून बेडकाच्या पचनसंस्थेपर्यंतच आले होते. पण नाही म्हणता आलं नाही.

सिडकोकडे एक त्वचारोगाच्या डॉक्टर होत्या. कोणाच्या चेहऱ्यावर चट्टे दिसले, पुरळ दिसलं, की काकू हात न लावता तिकडेच पाठवायच्या. त्यामुळे त्या मॅडम काकूंना ओळखत होत्या. खुर्चीत बसल्या बसल्या काकूंनी सांगितलं, "ते इंजेक्शन द्या. डाव्या बाजूला."

"आज डावी, आणि उजवी पुढच्या वेळी?"

"नाय. डावीच."

मॅडम हसल्या. "काकू, दोन्ही गाल एकसारखे करतात. एकच केला तर काही महिन्यांनी तुम्ही तिरक्या दिसाल."

"तिरकी दिसायलाच पायजे. नायतर बायांना फरक कळंल कसा?"

मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आधी भरपूर प्रश्न विचारले. साखर आहे का, कुठली औषधं चालू आहेत, जखम झाली तर व्रण फुगतो का. काकूंनी मनगटावरचा कुकरच्या वाफेचा जुना, सपाट डाग दाखवला. मग मॅडमनी समजावून सांगितलं. कातडीच्या आत कोलॅजेनचं जाळं असतं, त्यानं चेहरा उभा राहतो. वयानं ते विरत जातं. हे औषध जागा भरत नाही, ते शरीरालाच पुन्हा जाळं विणायला लावतं. म्हणून वेळ लागतो, महिने लागतात, आणि एकदा देऊन भागत नाही.

"म्हणजे विरजण की," काकू म्हणाल्या. "चमचाभर लावायचं. दही दुधाचंच व्हतंय."

"बरोबर. फक्त हे विरजण हलवायचं. रोज गाल चोळायचा, मी सांगेन तसा. नाहीतर आत गाठी होऊ शकतात. सूज येईल, निळं पडेल. क्वचित याहून मोठा त्रासही होतो, म्हणून हे माहीत असलेल्या माणसाकडूनच घ्यायचं. आणि अजून एक. आज गाल भरलेला दिसेल. ते औषधात मिसळलेलं पाणी असतं. काही दिवसांत ओसरेल आणि तुम्हाला वाटेल काहीच झालं नाही. तेव्हा घाबरायचं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं, कारण विरजण मला समजत होतं.

मॅडमना अजून पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला सांगा, हे कशासाठी करताय?" काकूंनी वहिनींचं बोलणं सांगितलं. ब्लीचची गोष्टही सांगितली. मॅडमनी काकूंचा डावा गाल पुन्हा उजेडात धरून बघितला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. एक बाजू आधी केली तर धोका काही नाही, दिसण्याचाच प्रश्न आहे. उजव्या बाजूसाठी कधीही या, मी करून देईन." खर्चाचं काकूंनी कोणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुया टोचताना काकूंनी माझा हात धरला होता. आवाज काढला नाही, पण माझ्या बोटातली अंगठी त्यांनी इतकी दाबली की तिचा वळ बरेच तास राहिला.

आता जे झालं ते कोणाच्याच मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंचा डावा गाल छान भरलेला दिसत होता. थोडं निळं पडलं होतं, पण नाकाजवळची घडी जवळजवळ गायब. बोळातल्या बायका बघायला येऊ लागल्या. वंदनावहिनी आल्या, त्यांनी गालाला हात लावला आणि त्यांचे डोळे चमकले. "बघा! एका दिवसात! आणि मला नको म्हणत होतात!"

"अगं, हे पानी हाय. वसरंल."

"तुम्ही आता काहीही सांगाल," वहिनी म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी फोन लावून शिबिरात नाव दिलं.

स्वतःचा गाल असा उलटी साक्ष देईल असं काकूंना वाटलं नव्हतं. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. रोज सकाळी पार्लर उघडायच्या आधी त्या समोरच्या दुकानात जाऊन उभ्या राहायच्या. "वंदना, हात लाव." वहिनी कंटाळायच्या, पण हात लावायच्या. गाल रोज थोडा खाली येत होता. शिबिराच्या आदल्या दिवसापर्यंत दोन्ही गाल पुन्हा सारखे झाले होते. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या डॉक्टरणीचं औषध बेकार. माझा माणूस चांगला असेल."

काकू परत आल्या आणि क्रीम लावून गाल चोळत बसल्या. हे चोळणं मध्ये मध्ये सारखं चालायचं. एखादी बाई खुर्चीत एक भुवई करून बसलेली असायची आणि काकू म्हणायच्या, "थांब, माझ्या गालाची येळ झाली." त्या दिवशी चोळता चोळता म्हणाल्या, "रजिया, उद्या बुरखा घाल आन् चल. लासूर, तूबी."

मी कॉलेज बुडवलं.

हॉटेलचा हॉल थंड होता. खुर्च्यांच्या रांगेत बायका बसल्या होत्या, चेहऱ्यांवर बधिर करायचं पांढरं क्रीम. वंदनावहिनीही होत्या. पडद्यामागून एक तरुण माणूस पांढरा कोट घालून ये-जा करत होता. काकू वहिनींच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. वहिनी क्रीममधूनच पुटपुटल्या, "काकू, इथं तमाशा नको."

"तमाशा नाय. मला दोन गोष्टी इचारायच्यात."

तो माणूस आला. "मावशी, नाव नोंदवलं का?"

"व्हायचंय अजून. आधी सांगा, तुम्ही डॉक्टर हाव?"

"आमची पूर्ण टीम आहे मावशी. सर्टिफाइड."

"बरं. रिझल्ट कधी?"

"आजच! इथून बाहेर पडताना लोक वळून बघतील."

"आज दिसतंय ते चार दिवसांत जातंय. माझं गेलं." काकूंनी डावा गाल त्याच्याकडे केला. निळा डाग अजून थोडा होता. "खरं काय ते दोन-तीन महिन्यांनी दिसंल. तवा तुम्ही कुठं असाल?"

"फोन नंबर आहे ना."

"नंबर नाय इचारला. तुम्ही. कुठं असाल?"

"उद्या नाशिक, मग इंदूर… आमचं फिरणं असतं मावशी."

"हिच्या गालात गाठ झाली तर हिला इंदूरला आणू?"

"काही होत नाही हो. नॅचरल आहे सगळं."

"तुमच्या तोंडाला घेतलंय?"

तो हसला. "मला कुठं गरज आहे?"

"मलाबी नव्हती," काकू म्हणाल्या.

आता काकू त्याच्याशी नाही, बायकांशी बोलत होत्या, पण आवाज तसाच, भाजीच्या भावाचा. "मी शकुंतला. गुलमंडीत बांगडीवाल्यांच्या मागं बसते. माझ्या हातनं एका पोरीचा गाल भाजला होता. ती आजबी मला बाजारात भेटती. मी तिला भेटते. तिनं काय बोलायचं ते बोलती, मी ऐकून घेते. ज्यानं तोंडाला हात लावला त्यानं गावात ऱ्हायला पायजे. एवढंच सांगायला आले."

सगळ्या बायका उठून गेल्या असं काही झालं नाही. एकजण म्हणाली, "मध्ये मध्ये करू नका हो." दोघीतिघींनी रुमालानं क्रीम पुसलं. त्या माणसानं कोणाला तरी फोन लावला आणि वॉचमन आमच्या दिशेनं येऊ लागला. आपा बुरख्यातून म्हणाल्या, "हात नक्को लगा, हम जारे." वंदनावहिनी तोवर बसून होत्या. मग त्यांनी पदरानं चेहरा खसाखसा पुसला, पदराला पांढरं लागलं, आणि त्या आमच्याकडे न बघता आमच्या आधी जिना उतरल्या.

त्यांनी इंजेक्शन घेतलं नाही. पण काकूंशी बोलणंही सोडलं. लग्नात मुलीला आणि त्यांना सजवायला दुसऱ्या पार्लरच्या बायका आल्या. पत्रिका आली होती म्हणून काकू लग्नाला गेल्या. अक्षता टाकल्या. वहिनी शेजारून दोनदा गेल्या, थांबल्या नाहीत. काकूंनी माझ्या ताटात जिलेबी वाढली आणि एवढंच म्हणाल्या, "वंदनाला टिकली खाली लावलीय. नाक लांब दिसतंय."

त्यानंतरचे महिने अवघड होते. शिबिरातली गोष्ट बोळात पसरली, आणि गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडी शेवट एकच असायचा: काकूंचा गाल तर होता तसाच आहे. काही बायका काकूंचंच विरजण धरून मुद्दाम विचारायच्या, "काय काकू, लागलं का दही?" मुलाचा फोन यायचा. काकू म्हणायच्या, "येते पुण्याला. आधी गाल येऊ दे." सांगितलेल्या दिवशी त्या पुन्हा मॅडमकडे गेल्या, पुन्हा सुया घेतल्या, पुन्हा सूज आली आणि ओसरली. या वेळी बघायला कोणी आलं नाही. चोळणं त्यांनी सोडलं नाही. दुपारच्या उजेडात खिडकीपाशी स्टूल घेऊन बसायच्या. "रजिया, बघ. हाय का नाय?"

आपा निरखून बघायच्या. "नै."

"नीट बघ."

"नै बोली ना. झूट बोलूँ क्या तेरे कू?"

मला वाटायचं, आपांनी एकदा तरी हो म्हणावं. पण काकू तेच उत्तर ऐकायला रोज बसायच्या, आणि नाही ऐकून तशाच उठायच्या. आता मला वाटतं, आपा खोटं बोलणार नाहीत म्हणूनच त्या त्यांना विचारत होत्या.

मग एका दुपारी आपा चहाचा कप द्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. "हिल नक्को." कप खाली ठेवला. डावीकडून बघितलं. स्टुलाला वळसा घालून उजवीकडे गेल्या. परत डावीकडे आल्या. "या अल्ला. शकू, उधर से तू है, और इधर से तेरी छोटी बहन बैठी है."

मीही बघितलं. जादू झाली नव्हती. काकू तरुण झाल्या नव्हत्या, सुरकुत्या होत्याच. पण डावा गाल आतून उचलल्यासारखा दिसत होता. नाकापासून ओठाकडे जाणारी घडी उजवीकडे खोल होती आणि डावीकडे नुसती खूण. काकूंनी आरसा घेतला नाही. आधी दोन्ही गालांना बोटांची मागची बाजू लावली आणि डोळे मिटले. त्यांचा भरवसा बोटांवर होता.

बातमी बोळात गेली. वंदनावहिनी लगेच आल्या नाहीत. आल्या त्या एका मंगळवारी, पार्लर रिकामं असताना. सरळ खुर्चीत बसल्या. काकूंनी डावा गाल पुढं केला. "हात लाव." वहिनींनी हात लावला. मग दुसऱ्या गालाकडे नुसतं बघितलं.

"दुखलं का?"

"सुया होत्या. दुखनारच."

"मी करू?"

"ते मी नाय सांगनार. डॉक्टरणीकडं जा, तिला इचार, मग तुझं तू ठरव. नाय केलंस तरी चांगली दिसती."

वहिनींनी एकदा आरशात बघितलं. मग त्यांनी डोकं मागं टेकवलं आणि डोळे मिटले. "भुवया करा आधी. लग्नात त्या पोरीनं पार वाट लावली."

काकूंनी दोरा दातात धरला.

खुर्चीवर पुन्हा बायका दिसू लागल्या. इंजेक्शनबद्दल विचारायला येणाऱ्या जास्त. काकू त्यांना दोन्ही गाल दाखवायच्या, महिने लागतात ते सांगायच्या, गाठींचं सांगायच्या, कोणाला मॅडमकडे पाठवायच्या, कोणाला बेसन लावून घरी पाठवायच्या. पुण्याला त्या गेल्या, पण चार दिवसांसाठी.

मॅडमचा निरोप दोनदा आला. उजव्या बाजूचं करून घ्या, चेहरा सारखा होईल. काकू "हो हो" म्हणायच्या आणि जायच्या नाहीत. शेवटी मी एकदा विचारलं. मला असं विचारायला नेहमी वेळ लागतो. "काकू, आता तर सगळ्यांनी बघितलं. मग उजवी बाजू का नाही?"

त्या भांडी विसळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दुकानाचं दुकानाला दिलं पोरी. ही माझी हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजिंठ्याला माहेरी गेले ना, की गल्लीतली म्हातारी माणसं उजवीकडून बघून मला मायच्या नावानं हाक मारत्यात. डावीकडून कोन नाय मारत आता."

माझं शेवटचं वर्ष संपलं. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि मी खोली सोडली. निघायच्या दिवशी लग्नसराई होती, पार्लरमध्ये गर्दी. काकूंच्या दातात दोरा होता. मी पाया पडले तेव्हा त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली, कपाळापाशी थांबल्या आणि बोटांवर लागलेलं तेल मला दाखवून भुवया उंचावल्या. परीक्षा संपली तरी काळजी कसली, असं विचारत असाव्यात.

आपांनी माझी ट्रंक रिक्षात चढवून दिली. मी बसल्यावर सहज खिडकीकडे बघितलं. काकू काचेपाशी उभ्या होत्या, रस्त्याकडे उजवी बाजू करून. उन्हात तिच्यावरची एकेक घडी मला दिसत होती. पलीकडे खुर्चीत एक नवीन बाई होती. ती काहीतरी विचारत होती. मग तिनं घाबरत घाबरत हात उचलला आणि काकूंच्या मला न दिसणाऱ्या गालावर ठेवला. काकू जराही हलल्या नाहीत.

"निघायचं का?" रिक्षावाल्यानं विचारलं.

मी म्हटलं, थांबा जरा. त्या बाईचा हात अजून खाली आला नव्हता.